विदाच्या भिंतीवरचे दत्तगुरू

फोटो नाही. आधीच सांगून टाकतो, कारण बायकोपासून नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत प्रत्येकानं पहिला प्रश्न तोच केलाय. काढू दिला नाही, म्हणून माझ्याकडं नाही. तेव्हा विश्वास ठेवायचा तर ठेवा: पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात, समुद्रकाठच्या विदा नावाच्या गावात, व्हुडू या तिथल्या धर्माच्या एका देवळाच्या भिंतीवर मी आपला दत्त पाहिला. तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी कुत्रे. काचेच्या फ्रेममध्ये, जरा तिरका टांगलेला.

मी तिथं देव शोधायला गेलो नव्हतो. काजूबी घ्यायला गेलो होतो. सिंधुदुर्गातल्या आमच्या कारखान्यांना गावची बी वर्षभर पुरत नाही, म्हणून मार्च आला की आमच्यासारखे काही जण बेनिनमधल्या कोटोनू बंदराशी मुक्काम टाकायचे. कच्च्या बीच्या निर्यातीवर बेनिननं बंदी आणायच्या आधीची, २०२३ ची ही गोष्ट. माझा कंटेनर बंदरात अडकला होता. मीही अडकून पडलो, त्यातले पहिले सात दिवस सांगण्यासारखे नाहीत. हॉटेल, तळलेला मासा, भात, आणि एका एजंटाचं रोजचं 'दमँ'. म्हणजे उद्या. फ्रेंचमधला हा शब्द मला आता झोपेतही नीट उच्चारता येतो.

आठव्या दिवशी डोकं फिरलं आणि ड्रायव्हरला म्हटलं, चल, कुठंतरी ने. तो म्हणाला, विदा. चाळीसेक किलोमीटर. कोटोनूतल्या आपल्या लोकांनी आधीच बजावून ठेवलं होतं की तिकडं जाऊ नकोस, करणी करतात. हे सांगणारा गृहस्थ स्वतः दर अमावस्येला दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधतो. टाचण्या टोचलेली बाहुली मला तरी तिथं कुठं दिसली नाही.

ड्रायव्हरनं वाटेत तीनदा सांगितलं की तो कॅथलिक आहे. विदात शिरल्यावर एका घराच्या दाराशी मातीचा गुडघाभर ढिगारा दिसला, वर पामतेल ओतून काळपट झालेला, पिसं चिकटलेली. लेग्बा. उंबऱ्याचा, वाटांचा मालक. बाकीच्या देवांकडं जायचं तर आधी याला विचारायचं. मी बघत राहिलो, कारण आमच्या वाडीच्या वेशीवरचा राखणदार याहून फार वेगळा दिसत नाही. आमच्याकडं सातेरी देवीसुद्धा वारुळातच असते. कॅथलिक ड्रायव्हरनं खिशातून एक नाणं काढून हळूच तिथं टाकलं आणि मी पाहिलं नाही ना, हे पाहिलं.

आता गाइडबद्दल. पांढराशुभ्र शर्ट, तोंडपाठ इतिहास. अजगरांच्या देवळात त्यानं मला विचारायच्या आत एक अजगर गळ्यात घातला. जेमतेम दीड किलोचा. आमच्याकडं रात्री सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात, आणि मी भरदिवसा जनावर गळ्यात घालून उभा! ते थंड होतं, कोरडं होतं, रेशमी पिशवीत तांदूळ भरून खांद्यावर टाकावेत तसं सरकत होतं. हे बिनविषारी अजगर अधूनमधून रात्री भक्ष्याला बाहेर सोडतात. कुणाच्या घरात शिरला तर घरचे त्याला न मारता परत आणून देतात. देवळाच्या बरोब्बर समोर भलंमोठं चर्च आहे, बॅसिलिका. मधे फक्त चौक.

पवित्र जंगलात देवांच्या मूर्ती आहेत. गाइड साक्पाताबद्दल बोलायला लागला: पृथ्वीचा देव आणि देवीच्या रोगाचाही. रागावला की अंगावर फोड उठवतो, शांत झाला की बरं करतो. मी त्याला सांगायला गेलो की आमच्या भाषेत त्या रोगाचं नावच 'देवी' आहे. माझ्या फ्रेंचमध्ये त्याचं काहीतरी भलतंच झालं असावं, कारण त्यानं मला बसवून पाणी दिलं.

इथवर ठीक होतं. गुलामांच्या वाटेवर मात्र माझं आणि त्याचं बिनसलं.

विदातून जहाजावर चढवलेल्या माणसांचा आकडा दहा लाखांच्या घरात जातो. डाहोमे या इथल्या जुन्या राज्याच्या राजानं, अगाजानं, १७२७ मध्ये हे गाव जिंकलं ते या व्यापारावरचा हात घट्ट करायलाच. पुढं ब्राझीलहून आलेला फ्रान्सिस्को फेलिक्स द सूझा इथला सर्वांत मोठा दलाल झाला. राजा गेझोनं त्याला 'शाशा' हा किताब दिला, १८४९ मध्ये तो मेला, आणि त्याच्या घराजवळच्या चौकाला आजही त्याच किताबाचं नाव आहे. जिथं माणसं विकली जायची त्या चौकातून समुद्रापर्यंत चारेक किलोमीटरची लाल मातीची वाट. वाटेत 'विसरण्याचं झाड' होतं. पुरुषांनी नऊ फेरे घालायचे, बायकांनी सात. म्हणजे गाव, नाव, आईबाप सगळं विसरतील अशी समजूत. झाड आता नाही, खुणेला पुतळा आहे. गाइडनं हे सगळं पंढरपुरातला बडवा सांगेल तसं एका सुरात म्हटलं, आणि मग हसून म्हणाला, "तुम्ही फेरे घाला, मी व्हिडिओ काढतो. हजार फ्रँक."

हजार फ्रँक म्हणजे तेव्हा आपले एकशेचाळीसच्या आत-बाहेर. प्रश्न पैशांचा नव्हता. मी त्याच्यावर मराठीत ओरडलो. नंतर वाटलं, त्याच्या पणजोबाच्या पणजोबाला त्या झाडाभोवती फिरवलं असेल, माझ्या नव्हे. त्याला पोट आहे, आणि फेरे घालणारे पर्यटक त्याला रोज भेटत असणार. पण तेव्हा हे सुचलं नाही. बाकीची वाट दोघंही न बोलता चाललो. मोटरसायकलवाले झेमिजान धुरळा उडवत जात होते, पोरं मागून "योवो! योवो!" ओरडत होती. योवो म्हणजे गोरा. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी गोरा म्हटलं.

शेवटी समुद्रावर १९९५ ची कमान, 'न परतीचं दार'. वरच्या बाजूला साखळीनं बांधलेल्या माणसांच्या रांगा कोरल्यात, तोंडं पाण्याकडं. अमेरिकेनं गुलाम आणायला १८०८ मध्येच बंदी घातली होती, तरी १८६० मध्ये इथूनच 'क्लोटिल्डा' हे जहाज ११० माणसं घेऊन अलाबामाला चोरून गेलं. कमानीतून दिसतो तो समुद्र अगदी वेंगुर्ल्यासारखा. मी फार वेळ थांबलो नाही.

पोर्तुगीज किल्ल्याबद्दल एवढंच, की १९६१ पर्यंत तो पोर्तुगालचा होता. नवस्वतंत्र डाहोमेनं, म्हणजे आजच्या बेनिननं, मुदत दिली, तेव्हा आत उरलेल्या मूठभरांनी जाताना तो पेटवून दिला. तेच वर्ष, ज्याच्या डिसेंबरात आमच्या शेजारचं गोवा सुटलं.

गाइडला पैसे देऊन वाटेला लावल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "तू इंडियाचा ना? मग तुला एक दाखवतो." एका गल्लीत पांढऱ्या चुन्याचं बुटकं देऊळ. मामी वाटाचं. ही पाण्याची देवी, रूपाची आणि पैशाची हौस असणारी. पुढ्यात आरसा, टाल्कम पावडरचे डबे, सेंटच्या बाटल्या, मेणबत्त्या, नारिंगी रंगाचं गोड पेय, कवड्यांच्या माळा. कवड्या पाहून पुन्हा गोळा आला पोटात. मालदीवच्या कवड्या जहाजाच्या तळात भरून युरोपात, तिथून इथं. यांच्यावर माणसं विकत घेतली जायची. आपण 'कवडीमोल' किती सहज म्हणतो.

भिंतीवर अंगाभोवती साप धरलेल्या, मोकळ्या केसांच्या बाईचं चित्र. आणि तिच्या शेजारी दत्त.

पुजारीणबाई साठीच्या, पांढऱ्या वस्त्रातल्या. त्या फॉन या तिथल्या भाषेत बोलायच्या, ड्रायव्हर फ्रेंच करायचा. त्यांनी त्या तसबिरीचं नाव सांगितलं, डेन्सु. घानातल्या एका नदीचं नाव. पाण्यातला तीन डोक्यांचा देव.

"तुमच्याकडचा आहे ना हा?"

"होय. आमच्या घरापासून तासाभरावर, माणगावला याचं देऊळ आहे."

"तुमच्याशी बोलतो?"

अंगात येणं त्यांच्याकडं रोजचंच, त्या सहज विचारत होत्या. मी म्हटलं, आजोबांच्या वेळेपर्यंत गावात अवसर यायचा. आता नाही. बाई जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, आम्ही याच्याशी आमच्या भाषेत बोलतो, त्याला सगळं कळत असेलच असं नाही. तू त्याच्या भाषेत सांग.

आता आली पंचाईत. आमच्याकडं देवापुढं गाऱ्हाणं घालतात. एक जण घालतो, बाकीचे प्रत्येक ओळीनंतर "होय म्हाराजा" म्हणतात. जन्मभर मी मागं उभा राहून फक्त "होय म्हाराजा" म्हटलंय. पुढचं सगळं वडील म्हणायचे. ते गेल्यापासून चुलत भाऊ म्हणतो, आणि मी जत्रेला जातोच असं नाही. चपला दाराबाहेर, पाय लाल मातीनं भरलेले, अंगाला सेंटचा वास. हात जोडले.

"बा देवा दत्तगुरू म्हाराजा, तू हंय कसो इलंस ता तुकाच म्हायत. ह्या बायेन तुका ठेवल्यान हा, तिचा बरा कर. माझो कंटेनर अडाकलो हा, तो सोडय. काय चुकला-माकला आसात ता पदरात घे रे म्हाराजा."

मग शांतता. मागं कुणी नव्हतं म्हणायला. मी स्वतःच पुटपुटायला तोंड उघडलं, तेवढ्यात कॅथलिक ड्रायव्हर ठामपणे म्हणाला, "आमेन."

बाईंनी माझ्या हातावर पावडर टाकली आणि दत्तापुढं नारिंगी पेयाची बाटली उघडून ठेवली. माणगावला सोवळं नेसून गाभाऱ्याबाहेर उभा राहणारा माझा काका हे बघता तर! मला मात्र खटकलं नाही. फोटो विचारला, तर मानेनंच नाही म्हणाल्या.

हे चित्र तिथवर गेलं कसं, ते परत आल्यावर वाचलं. ती सापवाली बाई मूळची जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या छापखान्यातली, १८८० च्या दशकातली. पश्चिम आफ्रिकेत ती मामी वाटा झाली. १९५५ मध्ये घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांनी ते चित्र मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीकडून पुन्हा छापून घेतलं, बारा हजार प्रती. आपल्या देवांची कॅलेंडरंही त्या किनाऱ्यावर दुकानांतून विकली जात होतीच. समुद्रापलीकडून आलेले देव म्हणून लोकांनी ती घरात घेतली.

कंटेनर आणखी सहा दिवस सुटला नाही. दंडाची रक्कम इथं लिहीत नाही, घरात वाचतात.

बायकोला हे सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आफ्रिकेत दत्त भेटला, आणि तुम्ही कंटेनर मागितलात?"