आज काय लावलंयस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नणंदेने विचारलं, पतसंस्थेतल्या मॅडमनी विचारलं, मुलाच्या वर्गातल्या दोन आयांनी विचारलं आणि परवा माझ्या आईनेही विचारलं, तेही पाहुण्यांसमोर. "त्या मेटलवाल्या लोकांशी तू रोज एवढं काय बोलतेस गं?" मी दर वेळी "काही नाही, असंच" म्हणून विषय मिटवते आणि तो महिनाभरात पुन्हा निघतो. म्हणून आज एकदा सगळं लिहून ठेवते.

मेटल, म्हणजे जड गिटारींचं हेवी मेटल संगीत, त्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नांना मी आज हात लावणार नाही. तो आरडाओरडा आहे का, सैतानाचा काही संबंध आहे का, चांगल्या घरातली मुलगी तिकडे कशी वळली, यांची उत्तरं सतरा-अठरा वर्षं देऊन झाली आहेत. आज फक्त बोलण्याबद्दल.

आम्ही नऊ जण. सात पुरुष, दोन बायका. १ फेब्रुवारी २००८ला, शुक्रवारी, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानाबाहेर आयर्न मेडन या इंग्लिश मेटल बँडच्या कार्यक्रमाच्या रांगेत आमची ओळख झाली. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा तो पहिलाच कार्यक्रम होता आणि बँडचा गायक स्वतः विमान चालवत मुंबईत उतरला होता. मी सव्वीस वर्षांची, पुण्याहून एकटी आलेली. रांगेत पाण्याची बाटली फिरली, मग डबे उघडले, आणि परतीच्या गाडीची वाट बघत दादर स्टेशनवर रात्र काढली तेव्हा कोणाच्या घरी काय चाललंय हे सगळ्यांना कळलं होतं. त्या रात्रीपासून आम्ही बोलतोय.

काय बोलतो? ठाण्याच्या मित्राच्या वडिलांचं डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं. नाशिकची मैत्रीण आयटीत आहे, दर तीन महिन्यांनी तिच्या टीममधली माणसं कमी होतात. एकाच्या सोसायटीत एप्रिलपासून टँकर. एकाचं लग्न मोडत आलं होतं, मोडलं नाही, पण पूर्ण सावरलंही नाही. माझा मार्च एंड, माझी थायरॉइडची गोळी, सासूबाईंचा गुडघा. गाण्याबद्दल बोलणं यात किती, तर चवथा हिस्साही नसेल.

पण सुरुवात गाण्यानेच होते. सकाळी कोणीतरी विचारतं, "आज काय लावलंयस?" हे आमचं "कसा आहेस?" आहे. "कसा आहेस" म्हटलं की माणूस "मजेत" म्हणतो आणि पुढे काही बोलायला जागाच राहत नाही. "काय लावलंयस" ला खोटं उत्तर देता येत नाही. सकाळी साडेसातला स्लेअरसारखा संतापलेला बँड म्हणजे साहेबाशी वाजलंय. पावसात ओपेथ म्हणजे सगळं ठीक आहे, खिडकीत चहा आहे. सलग तीन दिवस माय डाइंग ब्राइडसारखा उदास बँड असेल तर कोणीतरी फोन करतं. "मला जड जातंय" हे तीन शब्द उभ्या आयुष्यात न उच्चारलेले पुरुष बँडचं नाव सांगतात आणि आम्हाला कळतं. मला याचा फार अभिमान होता. होता, असंच लिहिते.

कोणी टोचलं की मी पूर्वी एक अभ्यास पुढे करायचे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाचा, २०१५चा. असलं संगीत नेहमी ऐकणाऱ्या ३९ जणांना १६ मिनिटं जुने राग आठवायला लावले, मग काहींना दहा मिनिटं आपापलं संगीत ऐकू दिलं, बाकीच्यांना दहा मिनिटं शांत बसवलं. संगीत ऐकून राग वाढला नाही, चिडचिड आणि ताण उतरला. नणंदेला मी हे तीनदा पाठवलंय. अभ्यास खरा आहे, माझं म्हणणंही खोटं नव्हतं. पण दहा मिनिटांनी उतरणारा राग वेगळा. आमच्यातल्या एकाचा राग चार महिने उतरला नाही, आणि तो आमच्यावरच होता.

तो भोसरीचा. पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी ऑपरेटर, पॉवर प्रेसवर. घरी एक जुनी गिटार, रविवारी वाजवायचा, आमच्यात खरं वाजवणारा तो एकटाच. बायको कामाला पहिल्या पाळीत जायची, म्हणून मुलीची शाळेची तयारी याच्याकडे. सकाळी शिफ्टच्या बसमधून पहिला मेसेज त्याचाच यायचा.

२०१८. विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले होते. दिवाळीच्या ऑर्डरी, ओव्हरटाइम. माझ्याकडे सप्टेंबरअखेर, सहामाही हिशेब. दुपारी साडेतीनला ठाण्याच्या मित्राचा मेसेज आला: "भोसरीवाल्याची बोटं गेली. प्रेसमध्ये. दोन."

ते नंतर त्यानेच सांगितलं, कसं झालं. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते. घाईच्या दिवसांत एक बटण दाबलेलंच राहील असं बांधून ठेवतात, म्हणजे एक हात पत्र्याचा जॉब सरकवायला मोकळा राहतो आणि तासाला नग वाढतात. त्याने स्वतः बांधलं नव्हतं. बांधलेलं होतं, हे त्याला माहीत होतं.

मी हिशेब सोडून उठले नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं मी चांगल्या मनाने केलं असं मला वाटत आलंय आणि हे त्यात बसत नाही. भोसरी माझ्या ऑफिसपासून पाऊण तासावर आहे. रात्री घरी आले, जेवले, अकराला मोबाईल घेतला आणि भलामोठा मेसेज लिहिला. टोनी आयोमी, ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक. बर्मिंगहॅम, पत्र्याचा कारखाना, वय १७, कामाचा शेवटचा दिवस. मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या, पुढे तारा सैल करून सूर खाली आणला, आणि त्यातून ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज घट्ट झाला. आपण ऐकतो ते सगळं त्या कापलेल्या बोटांतून आलंय, असं मी शेवटी लिहिलं. लिहिताना माझे डोळे भरले होते.

मग बाकीचे आले. एकाने जँगो राइनहार्टचं सांगितलं, आगीत दोन बोटं निकामी झालेला गिटारवादक, ज्याची रेकॉर्ड आयोमीला कारखान्यातल्या मॅनेजरने ऐकवली होती. एकाने डेफ लेपर्डचा ड्रमर आणला, १९८४च्या शेवटच्या दिवशी अपघातात डावा हात गेला तरी ड्रम न सोडलेला. रात्री एकपर्यंत हे चाललं होतं. पहाटे पावणेतीनला तो ग्रुपमधून बाहेर पडला. एक अक्षर न लिहिता.

आम्ही म्हटलं, धक्क्यात आहे, वेळ देऊ. वेळ देणं किती सोयीचं असतं! फोन केले, त्याने उचलले नाहीत, आणि दोन आठवड्यांनी आम्ही ते करायचे थांबलो. सकाळचा पहिला मेसेज ठाण्याहून यायला लागला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी त्याच्या घरी गेले, न कळवता. बायकोने दार उघडलं. तो जेवत होता, चमच्याने, वरण-भात. मला बघून त्याने चमचा खाली ठेवला आणि हात मांडीखाली घेतला. उजवा हात.

मी चार महिने डावाच हात असं धरून चालले होते. गिटार वाजवणारा माणूस, बोटं गेली, म्हणजे तारा दाबणारा हात. आम्ही आठही जणांनी हेच धरलं होतं.

"आयोमी डावखुरा आहे ताई," तो म्हणाला. "उजव्या हाताने तो तारा दाबतो. मी उजव्या हाताने जेवतो."

मग तो बोलला, बराच वेळ, आवाज न चढवता. गिटार वाजवता येईल त्याला, पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, अंगठ्यात आणि तिसऱ्या बोटात धरता येतो, त्याने करून पाहिलं होतं. पण भाताचा घास होत नाही, सगळा ताटात सांडतो, आणि सासुरवाडीच्या लग्नात पंगतीत बसायची लाज वाटून तो न जेवता आला. मुलीची वेणी घालता येत नाही, तीन पेड हातात राहत नाहीत. तिने आईला न विचारता केस कापून घेतले. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, मेडिकल बोर्डासमोर तो बसला तेव्हा त्यांनी तक्ता दाखवला: तर्जनीची दोन पेरं गेली तर कमावण्याची क्षमता ११ टक्के कमी, मधल्या बोटाचं एक पेर गेलं तर ७ टक्के. उजवा आणि डावा यांत त्या तक्त्यात फरक नाही. "आणि तुमच्यातही कोणी विचारलं नाही, कुठला हात. तुला आयोमीची कुठली दोन बोटं ते पाठ आहे."

याला उत्तर नव्हतं. आजही नाही.

शेवटी, मी निघताना, तो सहीचं बोलला. पैसे काढायला बँकेत गेला होता, दोनदा स्लिप परत आली, सही जुळत नाही म्हणून. तिसऱ्यांदा गेलाच नाही, बायकोच्या पगारावर घर चाललं होतं. अशा स्लिपा परत करणं हे माझं रोजचं काम आहे. "सही जुळत नाही" हे मी किती माणसांना काउंटरच्या आतून म्हटलं असेल, आणि त्यांच्या हातांकडे एकदाही पाहिलं नसेल. ओळखपत्र आणि फोटो घेऊन नवी नमुना सही द्यायची असते, अर्ध्या तासाचं काम. सोमवारी रजा टाकून त्याच्याबरोबर गेले. सप्टेंबरातच त्याला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. मी त्याला बर्मिंगहॅमची गोष्ट सांगत बसले होते.

त्या वेळची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, तू धीर द्यायला गेलीस, त्या गोष्टीने तुला स्वतःला बाबा गेले तेव्हा उभं केलं होतं, मग दुसऱ्याला का देऊ नये? बरोबर आहे तिचं. ती गोष्ट मला अजूनही खरी वाटते. मी तिला म्हणते, पण ती गोष्ट सांगून तुझा राहिलेला हिशेब पूर्ण झाला, त्याच्याकडे जायचं राहिलं. ती म्हणते, सप्टेंबरअखेर होती. इथे आमचं दोघींचं बोलणं थांबतं.

तो परत आला. २०१९च्या मंदीत कंत्राटी माणसं कमी केली तेव्हा त्याचंही काम गेलं, आणि ते त्याने त्याच दिवशी आम्हाला सांगितलं, कुठल्याही बँडचं नाव न घेता. आता एका गोडाऊनमध्ये स्टोअरला आहे. आम्ही जास्त थेट बोलायला लागलो, जास्त विचारायला लागलो. आणि त्याचंही एक झालं. सोलापूरचा मित्र २०२२ मध्ये सोडून गेला. म्हणाला, इथे आता नुसते रिपोर्ट आणि हप्ते आहेत, मला गाण्याबद्दल बोलायचं होतं, घरी आजारपण पुरेसं आहे. मला त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. तीन दिवस माय डाइंग ब्राइड ऐकून कोणाला काही समजावं लागू नये, त्यातही एक अदब होती. आता आम्ही लगेच विचारतो, काय झालं? कधी कधी समोरच्याला सांगायचं नसतं.

म्हणून "काय बोलतेस" याचं सरळ उत्तर देता येत नाही मला. तुम्ही म्हणता ते टाइमपास नाही, मी आधी म्हणायचे तसं ते औषधही नाही.

५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमला ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र उभे राहिले, त्यांचा गायक ऑझी सिंहासनावर बसून गायला, आणि सतरा दिवसांनी गेला. बातमी आपल्याकडे मध्यरात्रीच्या सुमाराला आली. ग्रुपवर सगळे जागे. मी स्वयंपाकघरात दिवा न लावता बसले होते, नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून. कोणी पहिलं पोस्टर टाकलं, कोणी काही न लिहिता फक्त गाणं टाकलं. नाशिकची मैत्रीण रडतेय म्हणाली. मीही लिहायला घेतलं होतं, बरंच मोठं, आणि त्यात आयोमीचं नाव आलं तिथे थांबले.

तेवढ्यात भोसरीचा मेसेज आला. ऑझीबद्दल एक ओळ, आणि लगेच खाली: "मुलीला अकरावीला अजून कॉलेज लागलं नाही. झोपत नाहीये ती."

मी लिहिलेलं सगळं पुसलं आणि विचारलं, किती टक्के आहेत, पसंतिक्रमात कुठली कॉलेजं टाकलीत, आणि ती आत्ता जागी आहे का.