मंदीत आधी बोला, मग खर्च कापा

मंदीत मालक गप्प बसला की चहाची टपरी बोलायला लागते. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घ्यायचं, टर्निंग-ड्रिलिंग करून ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांना पुरवायचं, असा धंदा. शेड्यूल, म्हणजे गिऱ्हाइकाने मागितलेला माल, घसरलं की आधी लोडिंगच्या पोरांना कळतं, कारण अर्धी रिकामी गाडी तेच बघतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पगार निम्मा झालेला असतो, दुसरी शिफ्ट बंद झालेली असते आणि चांगला सेटर, म्हणजे मशीन जुळवून देणारा कारागीर, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फोन लावून मोकळा झालेला असतो.

आमच्या पट्ट्याला अनिश्चितता नवी नाही. २०१९ मध्ये वाहन उद्योग बसला, मोठ्या कंपन्या उत्पादनच बंद ठेवायचे दिवस जाहीर करायला लागल्या. त्याच ऑगस्टात पंचगंगेला महापूर आला आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला. सावरतोय तोवर मार्च २०२० चा लॉकडाउन आला, पुढे जुलै २०२१ मध्ये परत पाणी. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा निर्यातीचं काम करणाऱ्या मित्रांच्या आवाजात तीच धास्ती ऐकू आली. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो: पहिली गोष्ट, माणसांना गोळा करा आणि आकडे सांगा.

आमच्याकडे ही बैठक शिफ्ट बदलताना होते, म्हणजे दोन्ही शिफ्टची माणसं भेटतात. कॉम्प्रेसर बंद करायचा, नाहीतर मागच्यांना ऐकू जात नाही. ऑफिसात बोलवायचं नाही, मशीनजवळच उभं राहायचं. चारच गोष्टी सांगायच्या: शेड्यूल किती कमी झालंय, पगाराचे पैसे कुठपर्यंत आहेत, ओव्हरटाइम बंद होणार की नाही आणि पुढची बैठक कधी. "सगळं ठीक होईल" हे वाक्य टाळाच. ते आपल्या हातात नाही, आणि समोरच्याला ते माहीत असतं. एकदा एका ज्येष्ठ ऑपरेटरने, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो, सरळ विचारलं, "मालक, गणपतीपर्यंतचा पगार नक्की काय? पोरगीची फी भरायचीय." मी म्हटलं, "मामा, गणपतीपर्यंत नक्की. दिवाळीचं आज सांगता येत नाही, पंधरा तारखेला सांगतो." ते नुसती मान हलवून मशीनवर गेले. पंधरा तारखेला बैठक झाली नसती, तर मात्र पुढे माझ्या कुठल्याच शब्दाला किंमत राहिली नसती. वाईट बातमी माणसं पचवतात, तारीख चुकवलेली पचवत नाहीत.

हे बोलायचं तर आकडे आपल्यालाच ठाऊक हवेत. नफा-तोटा पत्रकातला नफा इथे कामाचा नाही. पुढच्या तेरा आठवड्यांचा एक कागद करा: कुठल्या आठवड्यात कोणाचे पैसे खरोखर खात्यात येणार आणि पगार, वीजबिल, जीएसटी, बँकेचा हप्ता, इन्सर्टवाल्याचं (कटिंग टूलची पाती विकणाऱ्याचं) बिल कधी जाणार. दर सोमवारी तो नव्याने लिहायचा. मालकाची उचल त्यात स्वतंत्र ओळीत दिसली पाहिजे, आणि कात्री तिथूनच सुरू झाली पाहिजे. वीजबिलातही बघा: मशीन बंद असली तरी डिमांड चार्जेस, म्हणजे वीज कंपनीशी ठरलेल्या भारावरचा (कॉन्ट्रॅक्ट डिमांडवरचा) आकार, लागतच राहतात. मंदी लांबणार असं दिसलं तर कॉन्ट्रॅक्ट डिमांड कमी करून घेण्याचा विचार करा.

येणी हा आमच्या धंद्यातला सगळ्यात दुखरा भाग. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकरात आलेल्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं कलम ४३ब(ह)) मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणून उद्यम क्रमांक, म्हणजे आपल्या लघुउद्योग नोंदणीचा नंबर, प्रत्येक इन्व्हॉइसवर छापा. थकलेल्या पैशांची तक्रार सरकारी ऑनलाइन पोर्टलवर करता येते, पण ज्याच्यावर निम्मं शॉप चालतं त्याच्याविरुद्ध कोण जाणार? माझ्या मते अशा ठिकाणी ट्रेड्स (TReDS), म्हणजे बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणारी ऑनलाइन व्यवस्था, जास्त उपयोगी. खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे आपल्या खात्यात येतात. पुढे खरेदीदाराने थकवलं तरी बँक आपल्यामागे लागत नाही. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी आता सक्तीची आहे. खरेदी विभागाच्या माणसाला हे नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

बँकेकडेही तसंच. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं, आणि मग शाखेतल्या साहेबांच्या हातात फारसं काही उरत नाही. तो तेरा आठवड्यांचा कागद घेऊन पहिला हप्ता चुकायच्या आधी जा.

मशीन रिकामं असताना कमी दराची ऑर्डर घ्यावी का, हे सगळेच विचारतात. टूल, वीज, कूलंट आणि ऑपरेटर एवढं सुटून वर थोडं उरत असेल तर घ्या, पण कोटेशनवर दराची मुदत लिहा. ती लिहिली नाही तर मंदीतला दर तेजीतही गळ्यात पडतो.

आणि माणूस कमी करावाच लागला तर ते काम सुपरवायझरवर ढकलू नका. स्वतः बोलवा, बसवा, कारण सांगा, कायद्याने जे देणं लागतं ते सगळं त्याच दिवशी चुकतं करा. त्याच्यासमोरच कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या, गोकुळ शिरगावातल्या ओळखीच्या दोन-तीन शॉपना फोन लावा. मंदीतही कुणाला ना कुणाला चांगला सेटर हवाच असतो. आमच्याकडून असा गेलेला एक मुलगा कागलला लागला. काम वाढल्यावर मी त्याला परत बोलावलं, तर तो येताना आपल्या धाकट्या भावालाही घेऊन आला.