मे महिन्यातली गोधडी

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात मे महिना म्हणजे मुतखड्याचा हंगाम. बाहेर ४३ अंश, आणि दिवसभर रानात राबून दोन तांबे पाणी प्यालेली माणसं. लघवी गडद पिवळी झालेली असते, पण तिच्याकडे बघतो कोण?

त्या सोमवारी ओपीडी उघडली तीच आरडाओरड्याने. तिशीतल्या एका ट्रॅक्टर ड्रायव्हरला दोघं धरून घेऊन आले. त्याला बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. उठायचा, वाकायचा, भिंतीला डोकं टेकायचा, पुन्हा फरशीवर लोळायचा. "मॅडम, मरतोय मी, कायतरी करा!" कळ डाव्या कुशीतून निघून जांघेत, पार अंडापर्यंत उतरत होती. वाटेत दोन उलट्या झालेल्या. अशा रुग्णाचं निम्मं निदान दारातच होतं. अपेंडिक्स फुटलेला माणूस हलायला घाबरतो, लाकडासारखा पडून राहतो. मुतखड्यावाला एका जागी ठरत नाही. मूत्रवाहिनी, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणारी नळी, जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. तिच्यात खडा अडकला की मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड ताणलं जातं आणि लाटेसारख्या कळा येतात. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात गडी चक्क घोरायला लागला. लघवी डोळ्यांना साफ दिसत होती, तपासणीत मात्र रक्तपेशी निघाल्या.

या गोंधळात रांग तुंबली होती. रांगेत साठीच्या एक आजी अगदी गप्प बसलेल्या. केसपेपरवर सिस्टरनं लिहिलेलं : 'उन्हाळी लागली, मधुमेह.' मी लघवीच्या जळजळीच्या गोळ्या लिहायला पेन टेकवलंसुद्धा होतं. मग लक्ष गेलं ते त्यांच्या अंगावरच्या गोधडीकडे. मे महिन्यात गोधडी?

"थंडी वाजतीय का, आजी?"

"रातच्यापासनं हुडहुडी भरतीया बघ. दात वाजत्यात."

नाडी १२४, रक्तदाब ९० वर ६०, ताप १०२. उजव्या बरगडीखाली पाठीवर हलकेच थापटलं तशा कळवळल्या. आता एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. तीन दिवसांपूर्वी उजव्या कुशीत रात्रभर दुखलं होतं. सुनेनं हुलग्याचं पाणी दिलं, पहाटे दुखणं थांबलं. "खडा पडला म्हणलं."

"पडताना बघितला?"

"न्हाई. दुखायचं थांबलं न्हवं का!"

हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! हुलग्याच्या पाण्याशी माझं भांडण नाही, तेवढंच पाणी तरी पोटात जातं. पण कळ थांबली तरी खडा तिथेच मुक्काम ठोकून असू शकतो. त्याच्यामागे तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले की नुसत्या अँटिबायोटिकनं भागत नाही. घाण बाहेर काढायला वाट करून द्यावी लागते, तीही तासांच्या हिशेबात. सलाईन लावलं, रक्त घेतलं, अँटिबायोटिकचा पहिला डोस दिला आणि १०८ बोलावली. मुलगा गोंधळला होता. "मॅडम, तो वराडणारा इथंच झोपलाय आन् आईला सोलापूरला?"

सोलापुरात सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं दिसलं, मूत्रवाहिनीत नऊ मिलिमीटरचा खडा. रात्रीच मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे लघवीला वाट करून देणारी बारीक नळी, घातला. तो आत सरकताच मागून पू आला, असं तिथल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं.

ड्रायव्हर चौथ्या दिवशी काडेपेटी घेऊन आला. आत तांदळाच्या कणीएवढा खडा. त्याच्या सोनोग्राफीत चार मिलिमीटरचा दिसला होता. पाचाच्या आतले बहुतेक असे आपोआप पडतात. "एवढ्याशानं मला लोळवलं व्हय?" म्हणत त्यानं तो सगळ्या वॉर्डाला दाखवला.

आजी पंधरवड्यानं साखर तपासायला आल्या. ठणठणीत. आतला खडा काढून स्टेंटही काढायला सोलापूरला पुन्हा बोलावलं होतं, पण त्यांचा विचार वेगळाच. "आता कायबी दुखत न्हाई. कशाला जायचं परत?" सून मागे उभी होती. मी तारीख केसपेपरवर लिहिली, मग तिच्या मोबाईलमध्ये गजर लावून दिला.