मागच्या सीटवरचा माणूस

वास्को, रविवार रात्र

आज भाच्याला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात नेले. तो सी हॅरियरकडे धावला, मी अलिझेपाशीच रेंगाळले. जेट विमानांपुढे हे पंख्याचे विमान अगदी साधे दिसते. पण १९७१ च्या युद्धात, डिसेंबरात, विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडून चितगाव, कॉक्स बझारवर बॉम्ब टाकणाऱ्यांत हेही होते. आणि विक्रांतची तरी अवस्था काय! एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे पूर्ण वेगाने जाता येत नव्हते. जहाज जितके जोरात, तितका समोरचा वारा जास्त, आणि त्याच वाऱ्यावर विमान उचलले जाते. तो कमी पडणार हे माहीत असून ही माणसे रात्री-अपरात्री निघत होती.

अलिझेत तिघे बसत, चालवणारा एकच. उरलेल्या दोघांचे धैर्य मला जास्त अवघड वाटते. संकट आले तरी त्यांच्या हातात काही नाही, आपले काम करत राहायचे. शेजारचे काका नौदलाच्या हंसा तळावर अलिझेच्या देखभालीला होते. विमान उतरले की इंजिनाला हात लावण्याआधी आम्ही माणसे मोजायचो, असे ते सांगतात. त्याच युद्धात एक अलिझे पाकिस्तानी स्टारफायटर जेटने पाडले. ते आवाजाच्या दुप्पट वेगाचे, हे ताशी जेमतेम पाचशे किलोमीटरचे. तिघेही गेले.

दुसऱ्या महायुद्धात लँकेस्टर बॉम्बरच्या शेपटीत बसणाऱ्या गनरचेही तसेच. सात जणांत तो एकटाच मागे तोंड करून, हाडे गोठवणाऱ्या थंडीत तासन् तास. कोठडी इतकी अरुंद, की पॅराशूटही बाहेर ठेवलेले. विमान पेटले तर आधी मागचे दार उघडून ते ओढून घ्यायचे, अंगावर चढवायचे, मग उडी. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे सुमारे सव्वा लाख हवाई सैनिक स्वेच्छेने आले होते. त्यांतले ५५,५७३ मेले, बहुतेक विशीतली पोरे.

त्यांच्या बॉम्बखाली हॅम्बर्ग आणि ड्रेस्डेनमध्ये हजारो बायकामुले होरपळली. शहरे निवडणारे वरिष्ठ होते, हे खरे. म्हणून ती पोरे माझ्या मनातून उतरत नाहीत, पण त्या शहरांतले मेलेलेही विसरता येत नाहीत.

घरी येताना भाच्याने लँकेस्टरवरच्या सातही जणांची कामे विचारून घेतली. हॅम्बर्गचे आज सांगितले नाही. जरा मोठा झाला की तेही सांगणार आहे.