वहीतल्या दोन कोऱ्या ओळी

बाबांची दोनशे पानी वही फडताळात, विम्याच्या कागदांखाली होती म्हणून वाचली. त्यांची इंद्रजाल कॉमिक्सची पत्र्याची ट्रंक पलंगाखाली होती. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात पाणी चढलं आणि ट्रंक चार दिवस बुडून राहिली. उघडली तेव्हा आत लगदा होता. मधेच एका थरावर वेताळाच्या, म्हणजे कॉमिक्समधल्या फँटमच्या, कपड्यांचा जांभळा रंग फुटलेला. बाबा काही बोलले नाहीत. ट्रंक धुऊन उन्हात पालथी घातली. दोन वर्षांनी ते गेले.

त्यांच्या लहानपणीची इंद्रजाल कॉमिक्स मी पुन्हा गोळा करते आहे, ती या वहीच्या आधाराने. क्रमांक, गोष्टीचं नाव, अंक कुठून मिळाला. 'मिरज स्टेशन.' 'आत्याने दिले.' 'मँड्रेक दोन देऊन.' टाइम्स ऑफ इंडियाने मार्च 1964 मध्ये इंद्रजाल सुरू केलं तेव्हा बाबा सहा वर्षांचे होते. पहिले 32 अंक नुसते वेताळाचे, मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे नायक आले. बाबांचा जीव मात्र वेताळावरच. वेताळाच्या डेंकाली देशाचा नकाशा त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मनानेच काढलाय आणि त्यात नदीला नाव दिलंय कृष्णा.

वहीत 122 नंतर दोन ओळी कोऱ्या आहेत, मग एकदम 125. समासात पेन्सिलची फुली. तिच्याखाली वेगवेगळ्या शाईत: 'कोल्हापूर – नाही.' 'पुणे – नाही.' शेवटची नोंद मोठेपणीच्या अक्षरात, बॉलपेनने: 'मुंबई, फाउंटन – नाही.' ती कधीची ते मला पक्कं ठाऊक आहे. मी तिसरीत होते. राणीची बाग बघायला म्हणून नेलं होतं आणि बाबा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगापुढे उकिडवे बसले ते उठेचनात. मी रडून गोंधळ घातला होता.

123 आणि 124 छापलेच गेले नव्हते. टाइम्समधल्या संपामुळे ते दोन क्रमांक निघालेच नाहीत. 1990 मध्ये इंद्रजाल बंद पडेपर्यंत क्रमांक 805 पर्यंत गेले, पण प्रत्यक्षात अंक 803. हे मला बाबा गेल्यावर आठ महिन्यांनी कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. समासात फुली मारणाऱ्या त्या तेरा वर्षांच्या मुलाला हे तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

इंग्रजी अंक पैसे मोजले की मिळतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोपरेही न दुमडलेले. मला ते नकोत. बाबांनी वेताळ मराठीत वाचला. पण मराठी अंक घराघरांत आणि वाचनालयांत वाचून वाचून संपले, राहिले ते रद्दीत गेले. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानदाराने दीड वर्ष माझा नंबर जपून ठेवला आणि मग एक गठ्ठा दिला: पाच-पाच अंक दाभणाने शिवलेले, वर तपकिरी पुठ्ठा, आत एका वाचनालयाचा शिक्का आणि 'पान फाडल्यास दंड.' दुकानदार म्हणाला, "ताई, शिवण उसवून सुटे करा, किंमत येईल." मी उसवली नाही. बाबाही असेच बांधायचे. कणकेच्या खळीचा तो आंबूस वास मला ओळखीचा आहे. कसर लागलेली पानं तेवढी मऊ ब्रशने झाडली, गंजलेल्या टाचण्या काढल्या आणि मधे टीपकागद घालून गठ्ठा पाट्याखाली दाबून ठेवला.

वहीत 146 नोंदी आहेत. माझ्याकडे आत्तापर्यंत 58 अंक झालेत. प्रत्येक अंक आला की त्या ओळीपुढे मी हिरव्या शाईने तारीख घालते. बाबांच्या निळ्या शाईला हात लावत नाही. कोऱ्या दोन ओळींपुढे, फाउंटनच्या नोंदीखाली, मी एवढंच लिहिलंय: 'बाबा, निघालेच नव्हते.'

गेल्या रविवारी 122 मिळाला. मुखपृष्ठ नाही, शेवटचं पान अर्धं. 125 अजून शोधतेय.