तक्रार बंद झाली, दिवा बंदच

सार्वजनिक संस्थेच्या अहवालात ‘बहुतांश तक्रारी मुदतीत निकाली’ असं वाचलं की आधी एकच विचारावं: काय झाल्यावर निकाली?

समजा, रस्त्यावरचा दिवा लागत नाही अशी तक्रार आली. बऱ्याचदा तिला उत्तर जातं, ‘आपली तक्रार पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे.’ उत्तर गेलं की संगणकावर तक्रार बंद. विद्युत विभागात ती नव्या क्रमांकाने उघडते आणि मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. तिथून ठेकेदाराकडे गेली की आणखी एकदा तेच. अहवालात ३ तक्रारी, तिन्ही मुदतीत, रस्त्यावर अंधार. गोम अशी, की यात कुणीही खोटं बोललेलं नसतं.

म्हणून क्रमांक शेवटपर्यंत एकच हवा. मुदत तक्रार दाखल झाल्यापासून मोजायची, विभाग बदलला तरी ती चालूच. पोच देताना जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि उत्तराची तारीख लिहायची. तारीख हुकणार असेल तर ती उलटण्याआधी कळवायचं. बंद करण्यापूर्वी तक्रारदाराला विचारायचं, आणि तो ‘काम झालं नाही’ म्हणाला तर तोच क्रमांक पुन्हा उघडायचा. नवा अर्ज मागायचा नाही.

सरासरीवर तर अजिबात विसंबू नये. १०० तक्रारींपैकी ९० दोन दिवसांत सुटल्या आणि १० तक्रारींना २०० दिवस लागले, तर सरासरी येते २१.८ दिवस. कागदावर महिन्याच्या आत! त्या १० अजून प्रलंबितच असतील आणि हिशेब फक्त बंद झालेल्यांचा होत असेल, तर सरासरी थेट २ दिवसांवर येते. म्हणजे अवघड तक्रारी जितक्या रखडतील, तितका आकडा देखणा. सर्वांत जुनी प्रलंबित तक्रार किती दिवसांची, हे छापायला लावा. चित्र लगेच बदलतं.

दुसरी खोट चौकशीची. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर ती ‘अभिप्रायासाठी’ जाते आणि त्याचा अभिप्राय जसाच्या तसा उत्तर म्हणून निघतो. त्याचं म्हणणं घ्यायलाच हवं, पण निर्णय दुसऱ्याने द्यावा. स्वीडनने १८०९च्या राज्यघटनेत संसदेचा स्वतंत्र लोकपाल आणला, तो प्रशासनावर बाहेरून नजर ठेवण्यासाठीच.

नकाराने विश्वास जातोच असं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांच्या शिकागोतल्या संशोधनात दिसलं, की लोक निकालाइतकंच, किंबहुना जास्त, आपलं ऐकून घेतलं का, वागणूक न्याय्य होती का, याला महत्त्व देतात. ‘नियमात बसत नाही’ हे अर्धवट उत्तर झालं. कोणता नियम, पाहणीत काय आढळलं, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत, एवढं लिहिलं तर उत्तर चार ओळींनी वाढतं. पण तीच तक्रार पुन्हा येण्याचं प्रमाण कमी होतं.

तक्रारी घटल्या म्हणून पाठ थोपटणाऱ्यांनी एक पडताळणी करावी. एका भागात स्वतः रात्री फिरून बंद दिवे मोजावेत आणि नोंदवही उघडावी. बंद दिवे ४०, तक्रारी ३ असं निघालं, तर लोकांनी कळवणंच सोडून दिलंय, ही शक्यता आधी तपासायची.