साडेसातवरून पावणेसातवर: माझ्या पेसची नोंद

५ किलोमीटरचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, साडेसातवरून पावणेसातवर आला! जे अंतर ३७:३० मध्ये व्हायचं, ते आता ३३:४५ मध्ये होतं. नव्याने पळायला लागलेल्यांना ही पावणेचार मिनिटं किती मोठी असतात ते वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त श्रेय मी हळू पळण्याला देईन. आठवड्यातले बहुतेक रन सव्वाआठ-साडेआठच्या पेसनेच होतात. घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी मला भरवशाची वाटते: धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आलं की वेग बरोबर, दोन-तीन शब्दांतच अडखळायला झालं की कमी करायचा. उकाडा, दमट हवा किंवा अपुरी झोप असली की तोच पेस जड जातो, पण पेसच्या आकड्यात ते दिसत नाही. ५ किलोमीटर कितीही दमवणारे वाटले, तरी त्यांतली बहुतांश ऊर्जा शरीर ऑक्सिजन वापरूनच तयार करतं. सावकाश पळण्याने स्नायूंभोवतीच्या केशवाहिन्या वाढतात, पेशींतले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. याला आठवडे, महिने द्यावेच लागतात.

पाय चपळ करायला मात्र स्ट्राइड्स, म्हणजे छोट्या वेगवान धावा, हव्यातच. इझी रन संपला की वीसेक सेकंदांच्या चार-पाच घेतो. पहिल्या काही सेकंदांत वेग हळूहळू चढवायचा, खांदे आणि जबडा सैल ठेवायचा, मग वेग अलगद सोडून द्यायचा आणि श्वास पूर्ण बसेपर्यंत चालायचं. दम काढणं हा हेतूच नाही. तिसऱ्या स्ट्राइडच्या सुमारास पावलांचा आवाज बदलतो. धप्प-धप्प थांबतं, पाऊल पुढे फेकलं न जाता अंगाखाली पडायला लागतं. मला यात सगळ्यात जास्त मजा येते.

कॅडन्सबद्दल, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या पावलांबद्दल, थोडं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांनी धावपटूंची पावलं मोजली, तेव्हा जवळपास सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. पण ते जगातले अव्वल धावपटू होते, आणि शर्यतीत होते. आठच्या पेसला १८० चा हट्ट धरू नये असं माझं मत आहे. माझा कॅडन्स १५८ वरून १६६ वर आला तो आपसूक.

इंटरव्हल आठवड्यातून एकदाच. ४०० मीटरचे तुकडे, प्रत्येक २:२४ मध्ये, म्हणजे सहाचा पेस, मध्ये संथ जॉग. शेवटचा तुकडा पहिल्याइतकाच आला तर सेशन जमलं. दुसरं इंटरव्हल सेशन सध्या नाहीच. दम लवकर सुधारतो, पण स्नायू हाडांना जोडणारे टेंडन आणि हाडं सावकाश तयार होतात. नडग्या दुखायला लागल्या की सगळंच थांबतं.

आता लक्ष्य ३२:३०. पहिला किलोमीटर ६:४०, मधले तीन साडेसहाने आणि शेवटचा ६:२० मध्ये.